रत्नागिरीहून आणलेल्या पाण्याचा सामू आणि जहाजावरची मोजणी

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपण सांगलीत रसायनशास्त्रात एम.एस्सी. करता. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरून पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये समुद्राचे पाणी भरून आणले आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मीटरवर त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचे माप) पाहिला. पहिल्या दिवशी तो ८.०३ आला, तिसऱ्या दिवशी ७.९१ आला, आणि तेच पाणी मिरजेतील एका खाजगी प्रयोगशाळेत दिले तेव्हा उत्तर ८.२४ मिळाले. औद्योगिक युग सुरू झाल्यापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे, असे आपण वाचले आहे. आता आपली शंका अशी की एका कॅनमध्येच ०.३३ चा फरक पडत असेल, तर ०.१ चा उतार शास्त्रज्ञ कोणत्या भरवशावर सांगतात, आणि उपग्रह व समुद्रात सोडलेले स्वयंचलित फ्लोट (तरंगती मोजयंत्रे) असताना त्यासाठी एवढा खर्च करून जहाजे पाठवण्याचे कारण काय.

मी मूळचा कराडचा. समुद्ररसायनशास्त्र हाच माझा व्यवसाय होता आणि संशोधन जहाजांवर पाण्यातील कार्बन मोजण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून प्रथम एवढे सांगतो की आपली तिन्ही रीडिंग बहुधा आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण एवढीच की ती तीन निरनिराळ्या परिस्थितींतील रीडिंग आहेत आणि आपण ती एका ओळीत मांडली आहेत. समुद्रातील कार्बन मोजण्याच्या शास्त्रात खरे अवघड काय असेल तर ते हेच आहे. आज एका जहाजावर काढलेला आकडा वीस वर्षांनी दुसऱ्या जहाजावर, दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या यंत्रावर काढलेल्या आकड्याशी निःशंकपणे ताडून पाहता आला पाहिजे. पुढे मी जो खटाटोप वर्णन करणार आहे तो सगळा त्यासाठी असतो.

आधी आपल्या कॅनचा हिशेब लावू. समुद्राच्या पाण्याचे तापमान एक अंशाने वाढले की त्याचा सामू सुमारे ०.०१५ ने उतरतो. पाण्यात बाहेरून काहीही मिसळावे लागत नाही. कार्बोनिक आम्लाच्या विघटनाचा समतोलच तापमानाबरोबर सरकतो. सकाळच्या २४ अंशांच्या प्रयोगशाळेत आणि दुपारच्या ३१ अंशांच्या प्रयोगशाळेत एकच पाणी मोजले तर केवळ तेवढ्याने ०.१ चा फरक पडतो, म्हणजे दोन शतकांत समुद्रात पडला तेवढा. येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. मीटरवरील तापमान दुरुस्तीचे बटण इलेक्ट्रोडच्या प्रतिसादाचा उतार दुरुस्त करते. पाण्याच्या रसायनात तापमानाने घडलेला बदल ते दुरुस्त करत नाही आणि करू शकतही नाही. म्हणून आमच्याकडे नमुना २५ अंशांवर आणून मोजतात आणि तो समुद्रात ज्या तापमानाला होता त्या तापमानाचा सामू नंतर गणिताने काढतात. आपल्या तीन रीडिंगांसोबत पाण्याचे तापमान लिहिलेले नाही. ते लिहिल्याशिवाय सामूचा आकडा अपुरा असतो.

दुसरी बाब बफरची आहे. महाविद्यालयात आपण ४, ७ आणि ९.२ चे बफर, म्हणजे ठरावीक सामू असलेली द्रावणे, वापरून मीटर कॅलिब्रेट करता. त्या बफरांत क्षारांचे प्रमाण अगदी कमी असते, तर समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इलेक्ट्रोड पातळ बफरमधून उचलून खाऱ्या पाण्यात बुडवला की त्याच्या संदर्भ-संधीवरील विभव बदलते, आणि किती बदलते ते प्रत्येक इलेक्ट्रोडचे वेगळे असते. त्यात भर म्हणजे समुद्रशास्त्रात सामूची पट्टीच वेगळी वापरतात. तीत मुक्त हायड्रोजन आयनांबरोबर सल्फेटला चिकटलेले आयनही धरतात. नेहमीच्या बफरांवर आधारलेला आकडा या पट्टीवरील आकड्यापेक्षा साधारण ०.१ ते ०.१५ ने जास्त येतो. आपण पुस्तकात वाचलेले ८.१ आणि मिरजेहून आलेले ८.२४ यांची थेट तुलना या एका कारणानेच बाद ठरते. इलेक्ट्रोडनेच मोजायचे असेल तर कृत्रिम समुद्रपाण्यात बनवलेला ट्रिस बफर वापरावा लागतो.

तिसरी बाब कॅनची. समुद्राच्या पाण्यात जीवाणू असतात, सूक्ष्म शैवाले असतात, किनाऱ्याजवळ सेंद्रिय गाळही असतो. अंधाऱ्या बंद कॅनमध्ये प्रकाशसंश्लेषण थांबते आणि श्वसन चालू राहते. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सामू उतरतो. दोन दिवसांत ८.०३ चे ७.९१ होणे यात काहीच नवल नाही. शिवाय कॅन अर्धा रिकामा झाला की वरच्या हवेशी देवाणघेवाण होते, आणि प्लास्टिक हे वायूंना पूर्ण अडवणारे भांडे नव्हे.

तेव्हा ०.३३ पैकी ०.१ च्या आसपास तापमानाचा, तेवढाच किंवा थोडा जास्त बफरांचा व इलेक्ट्रोडांचा, आणि उरलेला कॅनमधील जीवसृष्टीचा, असा ढोबळ हिशेब लागतो. यांतील प्रत्येक घटक दोन शतकांच्या बदलाइतका मोठा आहे, हे लक्षात घ्या. त्याशिवाय मांडवीचे पाणी हे मांडवीचे असते. शेजारी भाट्याची खाडी आहे, पावसाळ्यानंतरही तिच्यातून गोडे पाणी येत राहते, दिवसा शैवाले कार्बन ओढून घेतात आणि रात्री सोडतात, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यावर खालचे कमी ऑक्सिजनचे, जास्त कार्बनचे पाणी वर चढते. किनाऱ्यावरील एका ठिकाणचा सामू भरती-ओहोटीबरोबर आणि ऋतूबरोबर जितका हलतो, त्यापुढे हवेतून आलेल्या कार्बनचा परिणाम लहान असतो. किनाऱ्याचा अभ्यास आवश्यकच आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

आता ०.१ विषयी. सन १७५० मध्ये कोणी समुद्राचा सामू मोजलेला नाही, म्हणून हा आकडा दोन मोजमापांचा फरक नाही. ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेवरून त्या काळी वातावरणात कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होता हे कळते, आणि समुद्राच्या पाण्याचे रसायन पुरेसे ठाऊक असल्यामुळे त्या हवेशी समतोल राखणाऱ्या पाण्याचा सामू काढता येतो. सामूची मापनश्रेणी लघुगणकी असल्यामुळे ०.१ चा उतार म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ होते. प्रत्यक्ष मोजमापांची अखंड साखळी अलीकडची आहे. हवाई बेटांच्या उत्तरेस अलोहा नावाचे स्थानक आहे आणि अटलांटिकमध्ये बर्म्युडाजवळ एक आहे. दोन्हींवर १९८८ पासून जहाजे नियमितपणे जाऊन पाणी काढत आली आहेत. अलोहावर सामू वर्षाला ०.००२ च्या जवळपास उतरतो आहे, आणि हा उतार हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या वाढीवरून जेवढा अपेक्षित होता तेवढाच आहे. गणिताने काढलेल्या आकड्यावर आमचा विश्वास बसतो तो या प्रत्यक्ष साखळीमुळे.

परंतु वर्षाला ०.००२ म्हणजे किती, हे विरघळलेल्या कार्बनच्या भाषेत अधिक स्पष्ट होते. पृष्ठभागाच्या एक किलो पाण्यात सुमारे २००० मायक्रोमोल (मायक्रोमोल म्हणजे मोलचा दशलक्षांश) असेंद्रिय कार्बन असतो. त्यातला साधारण नव्वद टक्के बायकार्बोनेटच्या रूपात, नऊ टक्क्यांच्या आसपास कार्बोनेटच्या रूपात आणि उरलेला एखादा टक्का विरघळलेल्या वायूच्या रूपात. मानवी उत्सर्जनामुळे त्यात दरवर्षी पडणारी भर एक मायक्रोमोलच्या आसपास आहे. आपल्या भागातील भाषेत सांगायचे तर वीस टन उसाचा ट्रक कारखान्याच्या काट्यावर घालून त्यात गेल्या वर्षीपेक्षा दहा किलोची एक मोळी जास्त आहे का, हे पाहण्यासारखे ते आहे. काटा वर्षानुवर्षे तोच राहिला आणि त्याची प्रमाण वजने तीच राहिली, तरच त्या मोळीविषयी काही बोलता येईल.

सामू, एकूण अल्कलिनिटी, विरघळलेला असेंद्रिय कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब या चार राशी मोजता येतात. तापमान, लवणता आणि दाब माहीत असेल तर यांतील कोणत्याही दोन मोजून उरलेल्या दोन काढता येतात. मी विद्यार्थ्यांना नेहमी अल्कलिनिटी आधी नीट समजून घ्यायला सांगत असे. पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला किंवा आत आला तर सामू बदलतो, एकूण कार्बन बदलतो, आंशिक दाब बदलतो. अल्कलिनिटी मात्र बदलत नाही, कारण हा वायू विद्युतभाररहित आहे आणि अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातील भारांच्या हिशेबातून उरलेली आम्ल पचवण्याची क्षमता. बाष्पीभवन, पाऊस, नद्यांचे पाणी, शंख-प्रवाळांनी कॅल्शियम कार्बोनेट बांधणे किंवा ते विरघळणे, यांनी ती बदलते. हा फरक मनात ठसला की कोणत्या नमुन्याला किती जपायचे हे आपोआप कळते, आणि शेवटी मी आपल्याला जे सुचवणार आहे तेही याच आधारावर आहे.

जहाजावर नमुना कसा घेतात ते जरा विस्ताराने सांगतो, कारण मोजणीचे अर्धे यश तेथेच ठरते. एका गोल चौकटीवर २४ किंवा ३६ निस्किन बाटल्या उभ्या बसवलेल्या असतात आणि मधोमध तापमान, लवणता व दाब मोजणारे उपकरण असते. बाटल्या दोन्ही तोंडांनी उघड्या ठेवून चौकट तारेवरून तळापर्यंत सोडतात आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करतात. चौकट डेकवर आली की घाई सुरू होते. बाटलीचा नळ उघडून पाणी काढू लागले की वरच्या छिद्रातून हवा आत शिरते आणि उरलेले पाणी हवेला लागते. म्हणून ज्या घटकांना हवेचा स्पर्श सर्वांत जास्त बाधतो त्यांचे नमुने आधी घेतात. प्रथम क्लोरोफ्लुरोकार्बनसारखे विरळ वायू, मग ऑक्सिजन, मग सामू आणि कार्बन, त्यानंतर पोषकद्रव्ये आणि सर्वांत शेवटी लवणता. हातात वही घेतलेला एक जण प्रत्येकाला थांबवतो, पाठवतो आणि कोणत्या बाटलीतून कोणी काय घेतले ते लिहून ठेवतो. त्याचा शब्द मुख्य शास्त्रज्ञालाही मानावा लागतो.

कार्बनसाठी ५०० मिलीची बोरोसिलिकेट काचेची बाटली असते. नळाला लवचिक नळी लावतात, ती बोटांनी चिमटून आतले बुडबुडे हुसकतात, नळीचे टोक बाटलीच्या बुडाशी नेतात आणि पाणी खळखळ न करता खालून वर चढू देतात. बाटली भरली तरी थांबत नाहीत. आणखी एक बाटलीभर पाणी वाहून जाऊ देतात, म्हणजे हवेला लागलेला पहिला भाग बाहेर जातो. दोन हजार मीटरवरून आलेले पाणी तीन अंशांच्या आसपासचे असते. डेक तापलेला असतो आणि बोटे मात्र बधिर होतात. मग थोडे पाणी काढून बाटलीत सुमारे एक टक्का जागा मोकळी ठेवतात, कारण गार पाणी प्रयोगशाळेत तापून फुगते आणि जागा नसेल तर बूच उडते. मर्क्युरिक क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाचे ०.१ ते ०.२ मिली त्यात घालून जीवाणू मारतात, काचेच्या बुचाला ग्रीस लावून ते फिरवत घट्ट बसवतात, वरून पकड लावतात आणि बाटली उलटसुलट करतात. अशी बाटली अंधारात महिनोन्महिने टिकते.

जहाजावर सूक्ष्म तराजू चालत नाही. डुलत्या मजल्यावर वजन स्थिर येत नाही, म्हणून नमुना आकारमानाने मोजतात आणि लवणता व तापमानावरून घनता काढून तो किलोत आणतात. टायट्रेशनचे आम्ल जमिनीवरच तोलून, प्रमाणित करून नेतात. प्रयोगशाळेतील हवाही विचारात घ्यावी लागते. बंद खोलीत पाच-सहा माणसे श्वास घेत असली की तेथील कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ वाढतो आणि उघडा ठेवलेला नमुना तो ओढून घेतो.

विरघळलेला कार्बन मोजण्याची कुलोमीटरची पद्धत मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. नमुन्यात फॉस्फोरिक आम्ल घातले की बायकार्बोनेट व कार्बोनेट सगळे कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतात. नायट्रोजनच्या प्रवाहाने तो वायू एथॅनॉलअमीन असलेल्या द्रावणात नेतात. तेथे तो आम्ल बनवतो आणि द्रावणातील थायमॉलफ्थॅलीनचा निळा रंग फिका पडतो. यंत्र विद्युतप्रवाह सोडून तेथेच आम्लारी तयार करते आणि रंग मूळ छटेवर येईपर्यंत प्रवाह चालू ठेवते. किती कुलोम वाहिले ते मोजले की फॅराडेच्या नियमाने किती मोल कार्बन होता ते कळते. नीट चाललेल्या यंत्रावर २००० मध्ये एक-दोन मायक्रोमोलपर्यंतची अचूकता मिळते. सामूसाठी आता इलेक्ट्रोड क्वचितच वापरतात. मेटा-क्रेसॉल पर्पल हा रंजक घालून ४३४ आणि ५७८ नॅनोमीटरवर प्रकाशशोषण मोजतात आणि त्यांच्या गुणोत्तरावरून सामू काढतात. बाजारात मिळणाऱ्या रंजकातील अशुद्धीमुळे निकालात ०.०१ च्या घरातील चूक शिरू शकते, म्हणून शुद्ध केलेला रंजक घेतात. आंशिक दाबासाठी तर जहाज थांबवावेही लागत नाही. चालत्या जहाजाच्या तळाजवळून पाणी सतत घेऊन ते बंद भांड्यात हवेशी समतोलाला आणतात आणि त्या हवेतील कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांनी मोजतात. पाणी नळीतून येईपर्यंत किती तापले त्याची नोंद मात्र काटेकोर लागते, कारण एका अंशाला दाब चार टक्क्यांहून अधिक बदलतो.

तरीही हे सगळे करून आपला आकडा आणि जपानी किंवा जर्मन जहाजाचा आकडा जुळेल याची खात्री देता येत नाही. ती खात्री प्रमाणित पाण्याने मिळते. अमेरिकेत सॅन दिएगोच्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या सुमारास समुद्राचे पाणी गाळून, निर्जंतुक करून, बाटल्यांत भरून, त्यातील कार्बन व पुढे अल्कलिनिटी निश्चित करून जगभर पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक तुकडीला क्रमांक असतो आणि तिचा प्रमाणित आकडा जाहीर असतो. कुलोमीटरचा नवा सेल लावला की आधी ती बाटली मोजायची, मधे मोजायची आणि सेल उतरवण्यापूर्वी पुन्हा मोजायची. तिचे उत्तर घसरले तर मधल्या सगळ्या नमुन्यांवर प्रश्नचिन्ह लागते. माझ्या मते या क्षेत्रातील गेल्या चाळीस वर्षांतील सर्वांत महत्त्वाचे पाऊल हेच आहे, आणि एवढ्या मोठ्या कामाने इतकी वर्षे जवळजवळ एका प्रयोगशाळेवर अवलंबून राहणे धोक्याचे आहे. २०२० च्या साथीत तेथील काम मंदावले तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांना त्याचा चटका बसला.

आणखी एक पडताळणी समुद्रच करू देतो. दोन हजार मीटरखालचे पाणी पुष्कळ ठिकाणी इतके जुने असते की दहा-वीस वर्षांत त्यात फारसा फरक पडत नाही. दोन जहाजांचे मार्ग जेथे एकमेकांना छेदतात तेथे त्या खोलीचे आकडे ताडून पाहतात; चार मायक्रोमोलहून अधिक तफावत सातत्याने दिसली तर कोणत्या सफरीच्या आकड्यांत दुरुस्ती हवी ते ठरवतात. अशा रीतीने जुळवलेल्या आकड्यांवरूनच काढले गेले की १९९४ पर्यंत समुद्राने मानवनिर्मित कार्बनपैकी ११८ अब्ज टन, १९ इकडे-तिकडे, सामावून घेतला होता आणि १९९४ ते २००७ या काळात आणखी ३४ अब्ज टन, ४ इकडे-तिकडे. उपग्रहावरून ही बेरीज निघाली नसती, कारण उपग्रहाला पृष्ठभागाचे तापमान, लवणता आणि हरितद्रव्य दिसते. पाण्यात विरघळलेला कार्बन दिसत नाही, आणि पृष्ठभागाखालचे तर काहीच दिसत नाही.

फ्लोटांविषयी आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. सामूचे संवेदक लावलेले, आर्गो या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातील फ्लोट दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपासून वर येत मोजणी करतात. दक्षिण महासागरात हिवाळ्यात जहाज जाणे कठीण असते तेथील माहिती आज आपल्याला त्यांच्यामुळेच मिळते, आणि ती मोलाची आहे. पण त्यांचा संवेदक समुद्रात सोडल्यावर हळूहळू सरकतो आणि त्याला परत आणून तपासता येत नाही. म्हणून १५०० मीटरच्या आसपासचे त्याचे उत्तर त्या जागी अपेक्षित असलेल्या सामूशी जुळवतात, आणि तो अपेक्षित सामू जहाजांच्या मोजण्यांवरून बांधलेल्या सूत्रातून येतो. जहाजे थांबली तर काही वर्षांत फ्लोटांना जुळवायला आधारच उरणार नाही. दोन्ही लागतात, आणि जहाजाची सफर दर दहा वर्षांनी त्याच रेषेवर पुन्हा झाली तरी चालते. दरवर्षी होण्याची गरज नाही.

किती अचूकता हवी हे मात्र प्रश्नावर अवलंबून आहे. एखाद्या खाडीत शिंपल्यांची शेती करणाऱ्याला आज पाणी कसे आहे हे जाणून घ्यायचे असेल तर सामू ०.०२ पर्यंत कळला तरी पुरतो. दशकांचा बदल पकडायचा असेल तर ०.००३ लागतो. पहिले काम चांगल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यात येऊ शकते. दुसऱ्यासाठी वर सांगितलेली सगळी व्यवस्था लागते.

अरबी समुद्राविषयी आपण वेगळे विचारलेले नाही, पण तो आपल्या दाराशी आहे म्हणून लिहितो. नैऋत्य मान्सूनमध्ये ओमान व सोमालियाच्या किनाऱ्यालगत आणि थोड्या प्रमाणात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल पाणी वर येते. हे पाणी कार्बनने समृद्ध असते, कारण साधारण १५० ते १००० मीटरच्या दरम्यान येथे जगातील सर्वांत ठळक अशा ऑक्सिजनहीन थरांपैकी एक आहे आणि वरून पडणारे सेंद्रिय द्रव्य तेथे कुजून कार्बन सोडत असते. १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी ‘सागर कन्या’ जहाजावरून वेगवेगळ्या ऋतूंत मोजण्या केल्या तेव्हा मध्य व पूर्व अरबी समुद्र एकूणात हवेला कार्बन डायऑक्साइड देणारा ठरला. यावर विद्यार्थी लगेच विचारतात की जो समुद्र वायू बाहेर टाकतो तो आम्लीय कसा होईल. उत्तर असे की पाण्यातून किती वायू बाहेर जाईल हे पाणी आणि हवा यांच्यातील दाबाच्या फरकावर ठरते. हवेतला दाब वाढला की फरक कमी होतो, बाहेर जाणारा वायू घटतो आणि तेवढा पाण्यातच राहतो. समुद्र देणारा असो वा घेणारा, हवेतील वाढीचा भार त्याच्यावर पडतोच.

आता आपण सांगलीत बसून काय करू शकता ते सांगतो. मर्क्युरिक क्लोराइडच्या नादी लागू नका. ते अत्यंत विषारी आहे आणि त्याच्या कचऱ्याची विल्हेवाट महाविद्यालयाला झेपत नाही. सामूचा हट्टही या प्रकल्पापुरता सोडा. त्या कॅनमधील पाणी शिल्लक असेल आणि झाकण घट्ट राहिले असेल तर ते ओतून देऊ नका, कारण त्याचा सामू बिघडला असला तरी अल्कलिनिटी बरीचशी शाबूत असण्याची शक्यता आहे. पाणी गाळून घ्या, तराजूवर तोलून घ्या (ही सोय जहाजावर मिळत नाही, तिचा लाभ घ्या), आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा. आम्लात सोडियम क्लोराइड घालून त्याचे आयनिक बल समुद्राच्या पाण्याच्या जवळ आणा आणि वाळवलेल्या शुद्ध सोडियम कार्बोनेटने ते प्रमाणित करा. सामू ३.५ पर्यंत उतरवून काही मिनिटे हवा फुंका, म्हणजे सुटलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाईल; मग ३ पर्यंत थोडे थोडे आम्ल घालत प्रत्येक पायरीचे मिलिव्होल्ट लिहा आणि ग्रान पद्धतीने (सरळ रेषा वाढवून अंत्यबिंदू शोधण्याच्या रीतीने) आलेख काढा. या पद्धतीत मीटर अचूक सामू दाखवतो की नाही याला महत्त्व राहत नाही. त्याचा प्रतिसाद सरळ रेषेत असला म्हणजे पुरे. लवणताही मोजा, कारण किनाऱ्यावरील अल्कलिनिटीचा आकडा लवणतेविना वाचता येत नाही.

याहून चांगला विषय मात्र आपल्या गावातूनच वाहतो. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून वाई, कराड, सांगली करीत येते ती सगळी काळ्या बसाल्टवरून. पावसाच्या पाण्यात विरघळलेला हवेतील कार्बन डायऑक्साइड या खडकाची झीज करतो आणि स्वतः बायकार्बोनेट होऊन नदीत उतरतो. पुढे तो आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतो आणि तेथील अल्कलिनिटीत भर घालतो. समुद्रातील कार्बनच्या जमाखर्चात नद्यांची ही बाजू लागतेच, आणि तिच्यासाठी जहाज लागत नाही. वाई, कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाच्या वर व खाली, आणि सांगलीत आयर्विन पुलाच्या वरच्या अंगाला, असे नमुने मे महिन्यात, पुराच्या वेळी आणि पावसाळा संपल्यावर घ्या. पुरात पाणी पातळ होऊन अल्कलिनिटी उतरेल आणि उन्हाळ्यात चढेल अशी अपेक्षा ठेवा. पण सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी मिसळते त्या जागेच्या खाली नमुना घेतला तर सेंद्रिय आम्लांची व सांडपाण्यातील इतर घटकांची भर त्यात येईल आणि खडकाची झीज वेगळी काढता येणार नाही. नदीच्या पाण्यासाठी आम्ल ०.०२ मोलरचे घ्या आणि त्यात मीठ घालू नका. काचेच्या बाटल्या काठोकाठ भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी टायट्रेट करा. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरा, प्रत्येकीचे टायट्रेशन स्वतंत्रपणे करा, आणि दोन उत्तरांमधील फरक अहवालात पहिल्याच तक्त्यात द्या. परीक्षकांना बाकीच्या आकड्यांवर किती विसंबायचे ते त्यावरूनच ठरवता येईल.